अहिराणी गाणी: कॅसेटवरची आणि यूट्यूबवरची

ऐंशी-नव्वदच्या दशकांतली कॅसेट म्हणजे ४ मिलिमीटरहूनही अरुंद पट्टी, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकणारी. मागे सूं आवाज कायमचाच. हेडवर (पट्टी वाचणारा भाग) मळ बसला की आधी झांज बोथट होते, मग शब्दांतले ‘स’ आणि ‘च’. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसलं की फरक लगेच कळतो. पण कानबाईच्या (खानदेशातली देवी) गाण्यात बाई कडव्याआधी श्वास घेते, तो ऐकू येतो.

यूट्यूबवरच्या लग्नगीतात सूं नाही, श्वासही नाही. ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर, १९९७ पासूनचं) जोरात लावलं की अहिराणीचा हेल सपाट होतो. नेमका तोच तर गोडवा! शिवाय डीजेसाठी लिमिटर (आवाजाचे उंच झटके दाबणारं साधन) दाबून आवाज चढवतात. यूट्यूब असं गाणं सुमारे -१४ एलयूएफएसपर्यंत (आवाजाची पातळी मोजायचं एकक) खाली आणतं. आवाजाचा मोठेपणा जातो, चेपलेला ढोल तसाच राहतो.

धुळे-जळगावच्या वरातीत नाचायला नवंच बरं, तिथे बास लागतो. बसून ऐकायला मात्र जुनंच, तेही मूळ कॅसेटवरून. कॉपीची कॉपी असेल तर सूं वाढत जातो, तेव्हा नाद सोडा.