पहिला एअरब्रश आणि कॉम्प्रेसर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी सामान सांगतो. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनाएवढं हत्यार: डबल ॲक्शन (बोटाखालचा चाप दाबला की हवा, मागे ओढला की रंग), रंगाचा कप वर असलेला, ०.३ मि.मी. नोझलचा (रंग बाहेर पडायचं तोंड). एकाच घडणीचा हा ब्रश बाजारात दहा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. कॉम्प्रेसर बिनतेलाचा, एका पिस्टनचा, ३ लिटरची टाकी असलेला. दुकानदार त्याला एएस-१८६ म्हणतात; खोक्यावरचं नाव काहीही असो, आत यंत्र तेच असतं. काम प्लास्टिकच्या मॉडेलचं: १/७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) विमानं आणि १/३५ चे रणगाडे. रंग प्रामुख्याने तामिया कंपनीचे ॲक्रिलिक, काही व्हॅलेहो कंपनीचे पाण्यावरचे, थोडे लॅकर (तीव्र थिनरवरचे, भराभर वाळणारे).

निकाल आधीच देऊन टाकतो: ब्रश स्वस्तातला चालतो, हवा स्वस्तातली चालत नाही. एकूण पैशांतला मोठा वाटा कॉम्प्रेसर, रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा) आणि मॉइश्चर ट्रॅपवर (हवेतलं पाणी अडवणारी वाटी) जाऊ द्या. पहिल्या दोन महिन्यांत ब्रशच्या नावाने जेवढी बोटं मोडली जातात, त्यातली बहुतेक हवेच्या आणि रंग पातळ करण्याच्या चुकांवर मोडायला हवीत.

कॉम्प्रेसर

टाकीतला दाब साधारण ३ बारपर्यंत उतरला की मोटर सुरू होते आणि ४ बारला बंद पडते. टाकी ३ लिटरची, म्हणजे या दोन आकड्यांमध्ये वापरायला मिळते ती मोकळी हवा फक्त ३ लिटर. ०.३ चा ब्रश २० पीएसआयवर (सुमारे १.४ बार) मिनिटाला अंदाजे १० लिटर हवा खातो. म्हणजे चाप दाबून धरला तर वीसेक सेकंदांत मोटर पुन्हा सुरू होणार, आणि मोठा पृष्ठभाग मारताना बहुतेक वेळ ती चालूच राहणार. ‘टाकी आहे म्हणजे मोटर अधूनमधून चालेल’ हा समज काढून टाका. या टाकीचं खरं काम साठवणुकीचं नाही, पिस्टनचे धक्के झेलण्याचं आहे. बिनटाकीच्या कॉम्प्रेसरवर बारीक रेघ मारली की ती मण्यांच्या माळेसारखी उमटते. टाकीवर ती सलग येते. फरकाचे पैसे एवढ्यासाठीच द्यायचे.

सलग चालल्यावर सिलेंडरचं डोकं हात लावता येणार नाही इतकं तापतं. वीस-पंचवीस मिनिटं काम, मग दहा मिनिटं विश्रांती, असा क्रम ठेवलेला बरा. रंग बदलताना आणि ब्रश धुताना ती आपोआप मिळते. आवाज जुन्या फ्रिजपेक्षा थोडा जास्त. पायांखाली रबरी पायपुसणं ठेवलं की खालच्या मजल्यावरचे वर येत नाहीत.

दाब नेहमी चाप दाबून, म्हणजे हवा वाहत असताना लावा. नुसत्या उभ्या हवेवर काटा २० दाखवतो आणि चाप दाबला की १६ वर येतो. कुठे वाचलेला आकडा ‘जुळत नाही’ म्हणणाऱ्यांची गडबड बहुधा इथेच असते. हवेसाठी टायरमध्ये हवा भरणारा पंप वापरायचा विचार असेल तर सोडा: दाब भरपूर असतो, पण रेग्युलेटर नाही, टाकी नाही आणि सलग चालण्याची ताकदही नाही. हत्यारांच्या दुकानातला २४ लिटरचा बिनतेलाचा कॉम्प्रेसर मात्र चांगला पर्याय आहे. एकदा भरला की बराच वेळ गप्प राहतो; मोटर सुरू होते तेव्हा मात्र फ्लॅटमध्ये बोलणं ऐकू येत नाही. ज्यांच्याकडे गच्ची किंवा गॅरेज आहे त्यांनी तोच घ्यावा.

पाणी

पावसाळ्यात हा भाग समजला नाही तर सगळं मुसळ केरात. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. ती हवा ४ बारपर्यंत दाबली आणि पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की त्यातलं ६ ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकतं. उरलेलं १८ ग्रॅम पाणी होतं. अर्धा तास ब्रश चालवला की ३०० लिटर हवा जाते. हिशेबाने ५ मि.लि. पाणी, म्हणजे चहाचा एक चमचा. पुण्यातल्या डिसेंबरच्या दुपारी याच्या पाव भागही निघत नाही. म्हणून हिवाळ्यात विकत घेतलेलं यंत्र ‘पावसात बिघडलं’ असं वाटतं. ते बिघडलेलं नसतं.

यातलं काही पाणी टाकीत पडतं, पण सगळं नाही. काम सुरू असताना टाकीच गरम असते, त्यामुळे बरीच वाफ ट्रॅप ओलांडते आणि नळीत थंड होऊन थेंब होते. हा थेंब नोझलमधून बाहेर आला की ओल्या रंगावर गोल डाग पडतो, कडेने गडद, मध्ये फिका. रंग थुंकल्याचा डाग वेगळा: तो भरीव आणि उंचवट्याचा असतो. दोन्हींतला फरक ओळखायला शिका, कारण उपाय पूर्ण वेगळे आहेत.

उपाय साधे. टाकीच्या खालचा स्क्रू दर वेळी काम संपल्यावर उघडून पाणी सोडा, नाहीतर टाकी आतून गंजते. ट्रॅपच्या वाटीत पाणी दिसलं की खालची पिन दाबा. ट्रॅप आणि ब्रश यांच्यामध्ये निदान दोन-तीन मीटर नळी ठेवा आणि ब्रशच्या बुडाशी लावायचा छोटा दुसरा ट्रॅप घ्या. पावसाळ्यासाठी हा सगळ्यात उपयोगी जोडभाग. नळी टेबलावरून खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी मधल्या झोळीत साठतं आणि ब्रशपर्यंत चढत नाही. लॅकर मात्र भर पावसात टाळाच. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि चकचकीत काळा राखेसारखा पांढुरका पडतो. हे ट्रॅपने थांबत नाही, कारण पाणी खोलीतल्या हवेतून येतं.

नळीचे आटे १/८ इंची असतात आणि कॉम्प्रेसरचं तोंड बहुतेकदा १/८ किंवा १/४. काही अमेरिकी ब्रशचे आटे वेगळे असतात. जोड आधी तपासा. प्रत्येक जोडावर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे, मग साबणाच्या फेसाने गळती बघा. ब्रशच्या आत मात्र टेप कुठेही नको.

ब्रश

बांधणी अपेक्षेपेक्षा बरी, पण डब्यातून काढून तसाच वापरू नका. कारखान्यातलं तेल आणि पितळेचा बारीक कीस आत असतो. पूर्ण खोलून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवायचा. सुई २००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरवर टोकाकडे हलक्या हाताने फिरवून नंतर मेटल पॉलिशने चमकवली की फवारा दिसण्याइतका सुधारतो. सगळ्या ओ-रिंग (गळती अडवणाऱ्या गोल कड्या) तपासा. सुईभोवतीची रिंग साध्या रबराची असेल तर लॅकर थिनरमध्ये आठवडाभरात फुगते, आणि मग सुई अडखळते किंवा रंग मागे चापात झिरपतो. ती पांढऱ्या टेफ्लॉनची हवी.

या ब्रशची खरी नाजूक जागा म्हणजे नोझल. तांदळाच्या दाण्याहून लहान, पितळेचं, आटे असलेलं. सोबतचा छोटा पान्हा हातात आला की माणसाला जोर लावावासा वाटतो. नोझल बोटाने बसेपर्यंत फिरवायचं आणि पान्ह्याने नुसतं टेकवायचं. जास्त आवळलं की मान तुटते, आटे आतच अडकून राहतात आणि ब्रश जवळपास बाद होतो. दुसरी चूक सुई बसवताना. सुई मागून आत ढकलताना ती टेकल्याचं जाणवलं की थांबा. जोरात ढकललं तर नोझलचं तोंड फाकतं आणि मग रेघ एका बाजूला झुकते.

कपात बुडबुडे येणं ही नवशिक्यांची हमखास तक्रार. अर्थ एकच: हवा रंगाच्या वाटेने मागे येते आहे. नोझल नीट बसलेलं नाही, त्याला चीर आहे किंवा पुढची टोपी सैल आहे. आट्यांवर मधमाशीच्या मेणाचा किंचित लेप दिला की झिरपणं थांबतं. चीर असेल तर नवं नोझल घेण्याला पर्याय नाही.

रंग अधूनमधून थुंकतो, तेव्हा बहुधा टोकावर रंग वाळलेला असतो किंवा चाप सोडायची सवय चुकीची असते. क्रम असा: आधी दाबून हवा, मग मागे ओढून रंग, थांबताना आधी रंग पुढे नेऊन बंद, हवा शेवटी. दोन्ही एकदम सोडले की टोकावर थेंब राहतो आणि पुढच्या वेळी तो मॉडेलवर उडतो. हे हाताला बसायला जुन्या वर्तमानपत्रावर चार-पाच तास लागतात. ते मॉडेलवर घालवू नका.

रंग किती पातळ

‘दुधासारखा’ असं सगळे सांगतात, पण कुठलं दूध ते कोणी सांगत नाही. गाईचं धरा, म्हशीचं नको. कपाच्या भिंतीवर काडीने रंग चढवा: तो लगेच घसरून मागे पारदर्शक पापुद्रा राहिला तर बरोबर, जाड पडदा राहिला तर घट्ट, काहीच न राहता पाण्यासारखा ओघळला तर जास्त पातळ.

तामिया ॲक्रिलिकला एक्स-२०ए थिनर: रंग २ भाग, थिनर ३ भाग, १५ ते १८ पीएसआय, अंतर ७-८ सें.मी. बारीक कॅमोफ्लाजच्या कडांसाठी रंग १, थिनर २, दाब १० ते १२, अंतर २-३ सें.मी. या रंगात ०.३ चा ब्रश सव्वा-दीड मि.मी.ची रेघ भरवशाने देतो. १/७२ ला तेवढी पुरते. जास्त पातळ रंग आणि जास्त दाब एकत्र आले की रेघेला कोळ्याचे पाय फुटतात. घट्ट रंग आणि लांब अंतर एकत्र आले की थेंब हवेतच वाळतात आणि पंख्यावर धूळ बसल्यासारखा खरखरीत पोत येतो.

व्हॅलेहो वेगळ्या जातीचा रंग. त्यात अल्कोहोल घालू नका, कपातच दह्यासारखा फाटतो आणि नोझल तासभर साफ करावं लागतं. त्याचंच थिनर १०-२० टक्के, वर फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग सहज वाहावा म्हणून घालायचं द्रव) एक-दोन थेंब, दाब २० ते २५. एप्रिल-मेमध्ये टोकावर रंग फार लवकर वाळतो. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरने भिजवलेल्या कानकाडीने सुईचं टोक पुसायचं. त्याच कंपनीचा पाण्यावरचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) चांगला झाकतो, पण घासला की रबरासारखा सोलवटतो. ज्यांना सांधे पुटीने भरून घासायचे असतात त्यांनी लॅकर प्रायमर घ्यावा. मिस्टर सरफेसर १५०० या लॅकर प्रायमरला लेव्हलिंग थिनर दुप्पट घालून मारला की पृष्ठभाग अंड्याच्या टरफलासारखा गुळगुळीत येतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर स्वस्त आहे, पण फक्त ब्रश धुण्यासाठी. ते मॉडेलचं प्लास्टिक (पॉलिस्टायरिन) वितळवतं. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या अंगाचा रंग फवाऱ्याने झरझर मारलेला पाहून तशीच गन घेण्याचा मोह होतो. ती मोठ्या नोझलची असते आणि १/७२ चं विमान एका झटक्यात भिजवते.

धुणं

पंधरा मिनिटांच्या रंगाला दहा मिनिटांचं धुणं, हे गृहीतच धरा. दोन रंगांमध्ये: कप रिकामा, थिनर अर्धा कप, टोपीवर कापूस दाबून चाप ओढला की हवा उलटी जाते आणि तळातला रंग सुटतो. पाण्यावरच्या रंगांवर थेट लॅकर थिनर नको, आधी पाणी किंवा त्यांचंच क्लीनर. दिवस संपताना कप पूर्ण साफ झाल्यावरच सुई काढा. रंग असताना सुई मागे ओढली की तो रंग ओ-रिंगमधून चापात जातो. दोन आठवड्यांनी चाप चिकटतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. अडकलेली सुई नोझल काढून पुढून काढावी. दातांच्या फटीतले बारीक ब्रश कपाच्या तळासाठी उत्तम. संपूर्ण ब्रश थिनरमध्ये भिजवून ठेवू नका, हवेच्या झडपेची रिंग जाते.

खोली आणि नाक

ॲक्रिलिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. लॅकरसाठी ‘ऑरगॅनिक व्हेपर’ कार्ट्रिजचा अर्धमुखी मास्कच हवा, आणि वापर नसताना कार्ट्रिज हवाबंद पिशवीत, नाहीतर ते कपाटातली हवा गाळत बसतं. खिडकीला लावलेला स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा व्हॅलेहोसारख्या पाण्यावरच्या ॲक्रिलिकला चालतो. लॅकरला नको: वाफ मोटरवरूनच जाते आणि ठिणगीची भीती असते.

आठ महिन्यांत बदललेलं: दोन नोझल, एक सुई, ओ-रिंगचा एक संच, ट्रॅपची वाटी. कॉम्प्रेसरला अजून काही लागलेलं नाही, फक्त हवा आत घेणाऱ्या तोंडावरचा फोमचा फिल्टर दोनदा धुतला. पांढरा आणि पिवळा रंग अजूनही त्रास देतात; त्यांच्यासाठी ०.५ चं नोझल हवं, आणि ते या ब्रशवर सुई आणि टोपीसकट संच म्हणूनच बसतं. ब्रश मागवतानाच ०.३ ची दोन नोझल आणि एक सुई त्याच विक्रेत्याकडून घ्या. ‘०.३’ लिहिलेलं दुसऱ्या घडणीचं नोझल आट्यांना बसेलच असं नाही, आणि बसलं तरी सुईचा उतार जुळला नाही की चाप सोडूनही टोकातून रंग गळत राहतो.