डीएसएलआरच्या जोडीला मिररलेस: सायलेंट शटर नेमकं कुणाच्या कामाचं?

ढोलीच्या तोंडाशी घुबड डोळे मिटून बसलेलं. तुम्ही लपणात, दोन तास पाय आखडून. पहिल्या खटॅकला त्याचा एक डोळा उघडतो, दुसऱ्याला मान थेट तुमच्याकडे वळते, आणि तिसऱ्या फ्रेममध्ये नुसती ढोली येते. अशा तीन-चार सकाळी वाया गेल्या की 'आता सायलेंट शटरवाला मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेऊनच टाकू' असं वाटायला लागतं. माझंही तेच झालं. घेतला, आणि मग कळलं की मिररलेस म्हणून विकले जाणारे सगळे कॅमेरे सारखेच मुके असले तरी सारखेच कामाचे नसतात.

आधी हातात आहे त्याचं बघू. डीएसएलआरचा आवाज मुख्यतः आरशाचा: तो वर आपटतो, शटरचे पडदे धावतात, तो खाली येतो. निकॉन डी५०० सारख्या बॉडीत 'क्वाएट' मोड असतो, पण त्यात आवाज बोथट होतो, जात नाही. शिवाय सेकंदाला १० फ्रेमचा वेग ३ वर येतो. डी८५० मध्ये लाइव्ह व्ह्यू लावून (मागच्या स्क्रीनवर बघत) खरोखर निःशब्द फोटो काढता येतात, पण तिथला ऑटोफोकस इतका मंद की जनावर बसून असेल तरच उपयोग. ट्रायपॉडवर लेन्स आणि समोर ध्यान लावून बसलेला बगळा, एवढ्यापुरतं ते पुरतं. हे जमत असेल तर आणखी काही महिने खर्च करू नका, असंच मी म्हणेन.

आणि आवाजाची अडचण खरंच किती, हेही तपासा. साठ-सत्तर मीटरवरचं हरीण शटरपेक्षा तुमच्या हालचालीला आणि वाऱ्यावरून येणाऱ्या वासाला जास्त बिचकतं. जवळचं लपण, घरट्याच्या आसपासचा परिसर, पाणवठ्यावरची निःशब्द पहाट, इथे मात्र शटर खरोखर नडतं. (घरट्यापाशी मुका कॅमेरा आहे म्हणून आणखी दोन पावलं पुढे सरकायचा मोह होतो. तो आवरा.)

आता मुद्द्याचं. सायलेंट शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. पडदा हलत नाही. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. ही वाचणी किती वेगाने होते, यावर सगळं अवलंबून आहे. कॅनन आर७ ला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात, आर५ ला साधारण १६, तर निकॉन झेड८ ला चारच्या आसपास. शटर स्पीड १/३२०० ठेवला तरी यात फरक पडत नाही. प्रत्येक ओळ गोठते खरी, पण वेगवेगळ्या क्षणी.

समजा एखादं पाखरू सेकंदाला २० वेळा पंख मारतं. एक फडफड ५० मिलिसेकंदांची. आर७ वर फ्रेमची वरची कड आणि खालची कड यांच्या मध्ये अर्ध्याहून जास्त फडफड होऊन गेलेली असते, आर५ वर जवळपास एक तृतीयांश, झेड८ वर बारावा हिस्सा. माझ्याकडे खंड्याचा एक फोटो आहे: डोळा काचेसारखा, चोचीतल्या माशाचे खवले मोजता येतील, आणि पंख मात्र केळ्यासारखा वाकलेला. फोटो फेकवत नाही आणि दाखवताही येत नाही.

यात एक पळवाट आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पक्षी फ्रेमच्या उंचीच्या पाव भागातच असेल, तर त्याच्यापुरती वाचणी पाव वेळातच होते. म्हणून लांबचा, लहान दिसणारा पक्षी आर५ वर बहुतेकदा सरळच येतो. बिघडतो तो फ्रेम भरून टाकणारा. पण कॅमेरा आडवा फिरवत पळणाऱ्या जनावराचा पाठलाग केलात, तर मागची झाडं तिरकी होतात. तिथे ही पळवाट चालत नाही, कारण झाडं पूर्ण फ्रेमभर असतात.

स्टॅक्ड (मागे वेगवान वाचणीचा थर जोडलेल्या) सेन्सरवाल्या बॉडी महाग असतात त्या यासाठी. सोनीच्या ए९ ने २०१७ मध्ये हा मार्ग दाखवला: वेगवान वाचणी आणि बर्स्ट (लागोपाठ फोटो) चालू असतानाही व्ह्यूफाइंडर काळा न होणं. २०२१ मध्ये निकॉनने झेड९ मधून मेकॅनिकल (पडद्याचं) शटर काढूनच टाकलं, झेड८ मध्येही तेच. सोनीचा ए९ थ्री तर सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचतो, म्हणजे वाकडेपणाचा प्रश्नच संपला. त्या बदल्यात मूळ आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २५० पासून सुरू होतो. वजन आणि लेन्स आटोपशीर हवी असेल तर ओएम सिस्टीमचा ओएम-१ बघा. लहान असला तरी त्याचाही सेन्सर स्टॅक्ड आहे.

साध्या सेन्सरची आणखी एक बारीक गोष्ट: आर५ इलेक्ट्रॉनिक शटरवर १२ बिटची, म्हणजे छटांची बारकाई कमी असलेली, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल देतो. गडद सावल्या उचलायला गेलात तर फरक दिसतो. पहाटे आयएसओ ३२०० वर मला तरी तो कधी दिसला नाही.

लेन्सचं गणित मात्र बॉडीपेक्षा मोठं. म्हणून पहिला मिररलेस शक्यतो आहे त्याच कंपनीचा घ्या. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स अ‍ॅडॅप्टरवर जणू घरच्याच असल्यासारख्या चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर छान चालतात, पण मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस मिळत नाही. दुसऱ्या कंपनीची झूम लेन्स असेल तर तिचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नव्या बॉडीशी जुळतं का, ते आधी बघा. उलट एक फायदा: टेलिकन्व्हर्टर (पोच वाढवणारं जोडभिंग) लावून लेन्सचं तोंड एफ/८ इतकं अरुंद झालं की डीएसएलआरचे मोजकेच फोकस पॉइंट जागे राहतात, मिररलेसवर जवळजवळ सगळी फ्रेम मोकळी असते.

डी५०० वरून जाणाऱ्याला क्रॉपची (लहान सेन्सरमुळे लांबचं मोठं दिसण्याचा फायदा जाण्याची) धास्ती असते. झेड८ क्रॉप मोडमध्ये साधारण १९ मेगापिक्सेल देतो, डी५०० चे २०.९. धास्ती सोडा.

बॅटरीची धास्ती सोडू नका. ठरलेल्या चाचणीत डी५०० एका चार्जवर १२४० फोटो देतो, झेड८ फक्त ३४० च्या घरात. बर्स्टमध्ये प्रत्यक्ष आकडा कितीतरी जास्त येतो, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तासभर नुसतं बघत बसणं मिररलेसला फुकट पडत नाही. डीएसएलआरच्या काचेतून बघायला वीज लागत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे जुनी बॉडी विकायची घाई नको. तिच्यावर लहान झूम, नव्यावर मोठी टेलिफोटो, म्हणजे धुळीत लेन्स बदलायचं संकटही टळतं.

मुक्या कॅमेऱ्याची एक खोड: फोटो निघतायत हे कळतच नाही. मी पहिल्या सकाळी एका निवांत पाणकावळ्याचे ९०० फोटो काढून आणले, सगळे एकाच चेहऱ्याचे. फोटो निघताना व्ह्यूफाइंडरच्या कडेला चमकणारी खूण सेटिंगमधून चालू करा आणि बर्स्टचा वेग उतरवा.

माझा कौल असा. बसलेले पक्षी आणि सस्तन प्राणी हेच तुमचं मुख्य काम असेल, तर साध्या सेन्सरचा मिररलेस आणि अ‍ॅडॅप्टर पुष्कळ झाला. भरारीच्या वेळी मेकॅनिकल शटर लावा, आर७ त्यावरही सेकंदाला १५ फ्रेम देतो. भरारी आणि झेप हेच वेड असेल, तर साधा घेऊन वर्षभरात बदलण्यापेक्षा वापरलेला स्टॅक्ड शोधा. जुना ए९ आजही थट्टेचा विषय नाही, फक्त लेन्स सोनीला बसणारी लागेल.

घेण्याआधी कॅमेरा अर्धा तास हातात मिळाला तर एवढं करा. इलेक्ट्रॉनिक शटर, १/२०००, आणि फिरत्या पंख्याचा फ्रेम भरून फोटो. पाती तलवारीसारखी वाकली तर तो बसलेल्या पक्ष्यांचा कॅमेरा. मग त्याच खोलीतल्या एलईडी दिव्याखाली भिंतीचा एक फोटो; आडवे पट्टे आले तर दिव्याखाली सायलेंट शटर विसरायचं.