नाओशिमा की तेशिमा: एकच दिवस असेल तर

जपानच्या सेतो समुद्रात ही दोन बेटं शेजारी-शेजारी आहेत. दोन्हीकडे त्या-त्या जागेसाठीच घडवलेल्या कलाकृती आहेत, तरी स्वभाव अगदी वेगळा. दोन दिवस असतील तर दोन्ही करा. एकच असेल तर निवड करावी लागते.

नाओशिमाला जाणं सोपं. मुख्य भूमीवरच्या उनो बंदरातून फेरी वीसेक मिनिटांत पोचवते, बेटावर बस आहे, त्यामुळे सोबत वयस्कर मंडळी असतील तर इथेच या. बघायलाही भरपूर आहे. किनाऱ्याचं रूप बिघडू नये म्हणून वास्तुविशारद तादाओ आंदोंनी चिचू हे कला संग्रहालय (२००४) जवळजवळ सगळं जमिनीच्या पोटात बांधलं. आत फ्रेंच चित्रकार मोनेची कमळांची चित्रं निव्वळ दिवसाच्या उजेडात दिसतात. सुंदरच, पण मोनेची कमळं पॅरिसलाही आहेत. या बेटाचं स्वतःचं असं जे आहे ते होनमुरा गावात. तिथल्या जुन्या घरांत १९९८ पासून कलाकृती येत गेल्या, त्यातलं पहिलं घर कादोया. आत अंधार, उथळ पाणी आणि पाण्यात लुकलुकणारे १२५ एलईडी आकडे. प्रत्येक आकडा किती वेगाने बदलावा हे कलाकार तात्सुओ मियाजिमांनी १२५ गावकऱ्यांना ठरवू दिलं, ५ वर्षांच्या मुलापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत. म्हणून एखादा आकडा नुसता पळतो, तर एखादा जागचा हलता हलत नाही. बेटावर यायोई कुसामांचं भोपळ्याचं प्रसिद्ध पिवळं शिल्पही आहे; त्यापाशी फोटोसाठी ताटकळण्यापेक्षा तो वेळ इथे घालवावा. (भोपळा २०२१ च्या वादळात वाहून गेला होता, आत्ताचा २०२२ मध्ये पुन्हा बसवलेला.)

तेशिमाला फेऱ्या कमी आणि रस्ते चढाचे. बॅटरीवर चालणारी सायकल भाड्याने घ्या. कलास्थळंही मोजकीच. पण २०१० चं तेशिमा कला संग्रहालय एकटंच पुरेसं आहे. मातीचा ढिगारा रचून त्यावर काँक्रीट ओतलं, मग आतली माती उपसून काढली. उरलं ते २५ सेंटीमीटर जाडीचं, एकही खांब नसलेलं कवच. ही वास्तू र्यूए निशिझावांची आणि आतली कलाकृती रेई नाइतोंची. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचे थेंब वर येतात, घरंगळतात, एकमेकांत मिसळतात. बस, एवढंच. छताला दोन मोठी उघडी भोकं आहेत, त्यातून वारा येतो, पाऊस येतो. बाहेरची पडीक पडलेली भातखाचरं गावकऱ्यांच्या साथीने पुन्हा लागवडीखाली आणली, तीही या कामाचाच भाग.

याच बेटावर एका कंपनीने वर्षानुवर्षं बेकायदा कचरा टाकला होता. लोक झगडले, २००० मध्ये तडजोड झाली आणि सुमारे ९ लाख टन घाण उपसली गेली. ती प्रक्रियेसाठी गेली कुठे? नाओशिमाला, जिथे १९१७ पासून धातू गाळण्याचा कारखाना आहे. पर्यटनाच्या पत्रकांत हे ठळकपणे नसतं, पण जिथे हे घडलं त्या बेटावर ती खाचरं बघताना त्यांचं मोल कळतं. म्हणून माझं मत तेशिमाला.

चिचूचं तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन घ्या, तेशिमाचंही घेतलेलं बरं. चिचू साधारणपणे सोमवारी बंद असतं आणि तेशिमाचं संग्रहालय मंगळवारी, हिवाळ्यात तर आणखीही दिवस. त्यामुळे पुष्कळदा निर्णय वारच करून टाकतो.