आत्याचं घर रिकामं करायला घेतलेली मदत : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नाशिकमध्ये जेल रोडला माझ्या आत्याची दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी जागा आहे. तिचे यजमान सरकारी प्रेसमध्ये होते, ते गेल्यापासून ती एकटीच राहते. दहाएक वर्षांत घर असं भरत गेलं की दारापासून ओट्यापर्यंत एकच वाट उरली, तीही अंग चोरून जायची. पलंगावर गाठोडी, म्हणून ती खुर्चीत झोपायची. आम्हाला कळायला उशीर झाला, कारण ती कुणाला आत घेत नव्हती. गेलं की चहा दारातच आणून द्यायची आणि आम्हीही तो उभ्याउभ्या पिऊन निघायचो.

मदत आम्ही दोनदा घेतली. एकदा पैसे देऊन, दोन दिवसांत उरकणारी. दुसऱ्यांदा शेजारपाजारची, दर शनिवारी दोन तास, गेल्या जानेवारीपासून आजपर्यंत. ज्यांच्या नात्यात असं घर आहे ते बहुतेक पहिलाच मार्ग धरतात, म्हणून दोन्हीबद्दल लिहिते.

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ती चार दिवस आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आली. तेवढ्यात आम्ही भावंडांनी घर साफ करणारी माणसं लावली. सहा माणसं, दोन दिवस, छोटा हत्ती टेम्पोच्या तीन फेऱ्या, १४ हजार रुपये. फरशी दिसायला लागली, भिंती पुसल्या गेल्या, खिडक्या उघडल्या. कागद बाजूला ठेवा असं सांगितलं होतं, ते त्यांनी ठेवले नाहीत. सात गोण्या कागद कुणीही न चाळता गेला. तो राग माझा अजून गेलेला नाही. पण आत्याला न विचारता किल्ली आम्ही दिली होती, हेही खरं.

ती घरी परत आली तेव्हा आम्ही रांगोळी काढून ठेवली होती. दारात उभी राहून तिने एवढंच विचारलं, "माझी डब्यांची गोणी कुठाय?" रडली नाही, भांडली नाही. त्या रात्री ती टॉर्च घेऊन खाली कचऱ्याच्या पिंपाशी उभी होती, हे समोरच्या काकूंनी नंतर सांगितलं. दोन महिने तिने माझा फोन उचलला नाही. पाच महिन्यांत आतली खोली पुन्हा पहिल्यासारखी झाली. शिवाय तिने दाराचं कुलूप बदललं.

मग मी एका समुपदेशक बाईंकडे एकटीच गेले. त्यांच्याकडून कळलं की वस्तू टाकताच न येणं हा आळस नाही आणि हट्टही नाही. 'होर्डिंग डिसऑर्डर' या नावाने डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचार-संहितेत २०१३ साली त्याची स्वतंत्र नोंद झाली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही. माणसाच्या पाठीमागे घर साफ केलं तर भीती वाढते, माणसांवरचा विश्वास उडतो आणि घर पुन्हा भरतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. आत्याला यायला तयार करायला सहा आठवडे लागले. ज्यांना कुठे जाणं शक्य नाही त्यांनी सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावं. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

बाईंनी आत्याला फोटोंचा एक संच दाखवला. स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठकीची खोली, प्रत्येकीचे नऊ फोटो, रिकाम्या खोलीपासून छतापर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत. तुमची खोली यातली कुठली, ते तुम्हीच बोट ठेवून दाखवा. आम्ही इतकी वर्षं 'किती हा पसारा' म्हणत होतो, त्याला तिचा ठरलेला जबाब होता, 'एवढा काही नाही.' फोटो बघून तिने झोपायच्या खोलीसाठी सातव्यावर बोट ठेवलं. मी सहावा म्हटलं असतं.

त्यानंतर ठरलं ते असं. शनिवारी दहा ते बारा. मी, समोरच्या काकू, तळमजल्यावरचे निवृत्त काका आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. वस्तू उचलायची, दाखवायची, पुसायची, खाली न्यायची हे काम आमचं. ठेवायची की नाही, हे फक्त आत्याचं. 'हे कशाला ठेवलंस?' हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. हा नियम माझ्यासाठी सर्वांत जड होता, कारण गेली दहा वर्षं मी तेवढाच प्रश्न विचारत आले होते. बाराला रद्दीवाले मामा रिक्षा घेऊन येतात आणि काढायचं ठरलेलं सगळं त्याच दिवशी जातं. सुरुवातीला दोन गोण्या 'उद्या नेऊ' म्हणून जिन्यात राहिल्या, त्या सकाळपर्यंत परत घरात आल्या होत्या. सुका कचरा मात्र सकाळच्या घंटागाडीलाच द्यावा लागतो, म्हणून तो तोवर काकांच्या दारात असतो.

पहिले तीन शनिवार आम्ही भावनेच्या वस्तूंना हात लावला नाही. सिलिंडरभोवतीचे कागद, मीटरच्या पेटीसमोरची गाठोडी, बाथरूमची वाट, एवढंच. पडणं आणि आग, ही दोन भयं आधी घालवायची. उंदरांच्या लेंड्या होत्या तिथे झाडू मारला नाही. आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबायचं, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने उचलायचं. कोरडी धूळ उडवली की ती नाकात जाते.

आता वस्तूंबद्दल. मोठ्या काळ्या पिशव्या आणू नका. आत काय गेलं ते दिसत नाही, म्हणून आत्या रात्री त्या उघडून बघायची. पारदर्शक झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट आणल्यावर ते थांबलं. असे सहा घेतले, त्यातला एकच 'विचार करू'साठी. तो भरला की आधी त्यातल्या एका वस्तूचा निर्णय, मगच नवी आत. हा एक क्रेट आठ महिन्यांत सर्वांत जास्त कामाला आला. हुकाचा वजनकाटाही उपयोगी पडला. किती किलो गेलं याची वही आत्या स्वतः लिहिते आणि काकूंना वाचून दाखवते. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याचा मात्र पश्चात्ताप झाला. माझ्या भावाने टाकलेला एक फोटो फिरत फिरत तिच्याच फोनवर आला आणि पुढचे दोन शनिवार दार उघडलं गेलं नाही.

कागद आम्ही एकेक करून बघतो. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात आत्याच्या यजमानांच्या नावाच्या दोन मुदत ठेवींच्या पावत्या सापडल्या, २००६ आणि २००९ च्या. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करतात, पण वारसाचा हक्क बुडत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या 'उद्‌गम' पोर्टलवर नावाने शोध घेता येतो. तिथे एक ठेव दिसली. पैसे मागायचे ते त्या त्या बँकेकडेच, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन. ते काम चालू आहे. घराचं खरेदीखतही दिवाळी अंकांच्या थप्पीत होतं. पहिल्या वेळी गेलेल्या सात गोण्यांत काय काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

सर्वांत अवघड गेले ते खण. ओटीत आलेला प्रत्येक ब्लाउजपीस तिने जपून ठेवला होता, घडीला टाचणी आणि टाचणीला चिठ्ठी. 'अमकीचं डोहाळजेवण.' 'संक्रांत, प्रेस कॉलनी.' काही टाचण्या गंजून कापडात रुतल्या होत्या, काही घड्या हात लावताच विरल्या. मोजले तेव्हा २१२ निघाले. पहिल्या शनिवारी एकही गेला नाही. दुसऱ्या शनिवारी मावशी म्हणाल्या, "ताई, आमच्या गल्लीत गोधड्या शिवणारी बाई आहे." आत्या गप्प राहिली. पुढच्या आठवड्यात तिने स्वतः तीन ढीग लावून ठेवले होते. चिठ्ठ्या काढून एका वहीत चिकटवल्या आणि खणांच्या तीन गोधड्या झाल्या. शिलाई प्रत्येकी १,२०० रुपये. एक तिच्या पलंगावर आहे, एक काकूंकडे, एक माझ्याकडे. माझ्या गोधडीत डाव्या कोपऱ्यात हिरवा इरकली काठ आहे, तो माझ्या आईच्या ओटीचा. कुठला काठ कुणाचा हे तिला अजून पाठ आहे.

डब्यांचं आणि भांड्यांचं वेगळं. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे, औषधांच्या बाटल्या, नावं घातलेली स्टीलची आणि पितळेची भांडी, एकात एक बसवलेल्या वाट्या. एका शनिवारी बोअरच्या पाण्याने पातेली घासताना ती आपणहून बोलली. १९६९ च्या महापुरात ती बारा वर्षांची होती, घर भांडी बाजारात. पुराचं पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की जुन्या नाशकात माणसं दुकानातला माल वर हलवायला लागतात. त्या वर्षी पाणी थांबलंच नाही. पूर ओसरल्यावर घरात हातभर चिखल आणि तिच्या आईकडे पाणी प्यायला एक वाटी नव्हती. "शेजारणीने दिली, ती फुटकी होती," एवढं बोलून ती पुन्हा घासायला लागली. यावरून मी काही निदान करत नाही. पण त्या दिवसापासून वाट्या काढताना माझा आवाज आपोआप खाली येतो. आईचं नाव घातलेली अकरा भांडी तिने ठेवली, बाकीचं पितळ मोडीत दिलं.

गाद्या होत्या चौदा. २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थाला तिच्याकडे गावाकडची माणसं उतरली होती, आता २०२७ ला पुन्हा येतील म्हणून. यावर वाद घालून उपयोग नव्हता, कारण माणसं खरंच येतात. किती माणसं झोपतील एवढी जागा आता आहे, ते तिने टेप धरून मोजलं आणि चार ठेवल्या.

खर्च सांगते. क्रेट, मास्क, हातमोजे, काटा, फिनेल, रिक्षा मिळून साधारण ८,००० रुपये. समुपदेशनाचे वेगळे, सुरुवातीला आठवड्याला, आता महिन्यातून एकदा. रद्दी आणि मोडीचे पैसे आत्याच्या हातात देतो, ते ती मोजून डब्यात ठेवते. वेळ मात्र भरपूर लागतो. अशा बत्तीसेक शनिवारांपैकी सहा-सात तर नुसते चहात गेले, एकही वस्तू न हलता. ज्यांना महिनाभरात घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं आहे, त्यांना हा मार्ग परवडणार नाही. पण घरात माणूस राहत असेल, तर मी पहिला मार्ग कुणालाही सुचवणार नाही.

परवा बाईंनी फोटोंचा संच पुन्हा पुढे ठेवला. आत्याने बराच वेळ बघून चौथ्यावर बोट ठेवलं. नवीन वस्तू अजून येतात, गेल्या महिन्यात कुणाच्या तरी दारातून उचललेली खुर्चीची पाठ आली. ती 'विचार करू'च्या क्रेटमध्ये बसत नाही, त्यामुळे सध्या भिंतीला टेकून आहे. पण आत्या आता पलंगावर झोपते. गॅलरीचं दार उघडतं आणि तिथे तुळस ठेवली आहे. काकू संध्याकाळी आत येऊन बसतात, चहा आतच होतो.

माळा राहिलाय. तो येत्या शनिवारी. काका वर चढणार, मी शिडी धरणार, आणि वर काय काय आहे ते त्यांनी मोठ्याने सांगायचं. खाली काय घ्यायचं ते आत्या खुर्चीत बसून ठरवणार आहे. खुर्ची कुठे ठेवायची, ते तिने आजच दाखवून ठेवलंय.