भाड्याच्या घरावर कौले की पत्रा?

फोंड्याचे जुने चिऱ्यांचे घर भाड्याने द्यायचे म्हणून मावसभाऊ छप्पर दुरुस्तीला निघालाय. कौले ठेवावीत की पत्रा घालावा, इथे त्याचे अडले आहे.

अरे, आधी लाकूड बघ. वाशात पेचकस टोचल्यावर भसकन आत गेला, तर वाळवीने काम केलेले आहे. वासे आणि कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, बदलण्यातच कौलांचा खर्च चढतो. लाकूड धड असेल तर कौलेच स्वस्त, फुटलेली तेवढी बदलायची. पण दरवर्षी पावसाआधी ती चाळावी, म्हणजे काढून, साफ करून पुन्हा नीट बसवावी लागतात आणि त्यात मुरलेला माणूस आता सहज मिळत नाही.

पत्र्याचे काम लवकर उरकते. मात्र मे महिन्यात घर तापते आणि जुलैच्या सरीत आवाज एवढा, की आत फोनवर बोलता येत नाही. माझा एक भाडेकरू त्यापायीच गेला. स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने तडकतात, गळती तिथूनच सुरू होते. समुद्रकाठी गंज वेगळाच.

दर मे महिन्यात स्वतः उभा राहणार असशील, तर कौले. मुंबईत राहून भाडे घेणार असशील, तर मजबूत सांगाड्यावर पत्रा घाल आणि वर तीच जुनी कौले बसव.