बीच रिसॉर्ट की घरगुती मुक्काम? बेळगावहून घाट उतरणाऱ्यांसाठी

बेळगावकराला समुद्र लांब नाही. चोर्ल्याने उतरलं की पणजी, अनमोडने उतरलं की मडगाव, आंबोलीने उतरलं की सावंतवाडी आणि तिथून शिरोडा, वेंगुर्ला, मालवण, जिकडे मन जाईल तिकडे. पहाटे सहाला निघालेला माणूस दहाच्या सुमाराला खाली असतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या लोकांचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते विमानाची वेळ आणि टॅक्सीचं भाडं धरून ठरवतात. आपण डिकीत चटई, थर्मास आणि पोरांची बादली-फावडी टाकून निघतो.

दोन्हीकडे मी कुटुंबासह राहिलो आहे. रिसॉर्ट दक्षिण गोव्यात, माजोर्डा ते मोबोर हा जो सलग वाळूचा पट्टा आहे तिथे. घरगुती मुक्काम सिंधुदुर्गात, तारकर्ली-देवबाग आणि भोगव्याच्या बाजूला. होमस्टे म्हणा, न्याहारी-निवास म्हणा, गोष्ट तीच. माझा कल लपणार नाही, पण आधी रिसॉर्टची बाजू मांडतो, कारण ती काही लंगडी नाही.

आई-वडील बरोबर असतील, त्यातून एखाद्याचे गुडघे दुखत असतील, तर रिसॉर्टला पर्याय नाही असंच मी म्हणेन. पायऱ्या कमी, बाथरूममध्ये धरायला दांडी, कोरडी फरशी, मध्यरात्री काही हवं तर फोन उचलायला माणूस. दुसरं म्हणजे हवा. आपण साडेसातशे मीटर उंचीवर राहणारी माणसं. मे महिन्यातही बेळगावात संध्याकाळी वारा सुटतो. कोकणातला घाम आपल्याला सोसत नाही हे मान्य करायला हरकत नाही. रिसॉर्टात लाईट गेली तरी जनरेटर लगेच सुरू होतो. घरगुती ठिकाणी इन्व्हर्टरवर पंखा फिरतो आणि एसी उन्हाळ्यातल्या ऐन दुपारी शोभेपुरता उरतो.

तिसरी गोष्ट खाण्याची. आपल्याकडच्या एकत्र सहलीत निम्मे मासे खाणारे, निम्मे शाकाहारी, आणि एखादीची संकष्टी ठरलेलीच. बुफेत हे सगळं वाद न होता निभावतं. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोव्याच्या मोठ्या किनाऱ्यांवर २००८ पासून नेमलेले जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहा असं सांगतात, शिट्टी वाजवतात. सिंधुदुर्गात तुमच्या घरामागच्या वाळूवर असं कोणी उभं असेलच असं नाही. तिथे घरमालकाला विचारूनच पाण्यात उतरायचं, आणि देवबागच्या टोकाला जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर उतरायचंच नाही. मुखाशी पाण्याला ओढ असते.

आता ‘बीच’ या भागाकडे येऊ. जाहिरातीतल्या फोटोत पलंगावरून लाट दिसते. प्रत्यक्षात तसं क्वचितच असतं, आणि त्यात मालकाची लबाडी नसते, कायदा असतो. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या सीआरझेड नियमांची पहिली अधिसूचना १९९१ साली आली. तेव्हापासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं हॉटेल बांधता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या भागात हे अंतर ५० मीटरवर आणलं, बाकीकडे ते तसंच आहे. दक्षिण गोव्यात त्या मधल्या जागेत वाळूच्या टेकड्या, केवडा, सुरूची झाडं आहेत, आणि ती राहिली हे चांगलंच झालं. फक्त तुमची खोली त्याच्याही मागे असते. खोलीपासून हिरवळ, हिरवळीनंतर पोहण्याचा तलाव, मग फाटक, मग तापलेल्या वाळूची पाऊलवाट. पोरांना घेऊन, टॉवेल सांभाळत ही वाट एकदा मजेची वाटते. तिसऱ्यांदा कोणी उठत नाही. शिवाय किनारा कुठल्याही रिसॉर्टच्या मालकीचा नसतो. तिथवर पोचलात की वाळूवर तुम्ही आणि कोलव्याहून फिरत आलेला माणूस सारखेच.

उलट जुन्या वस्तीतली घरं कायद्याच्या आधीपासून पाण्याजवळ आहेत. आणि त्याच २०१९ च्या नियमांत स्थानिकांना, मच्छीमारांनाही, आपल्या असलेल्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे, घराचं रूप न बदलता. म्हणून स्वस्तातला मुक्काम समुद्राला जास्त जवळ, असा उलटा हिशेब दिसतो. देवबागला तर एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी; तिथे दूर राहू म्हटलं तरी जमत नाही.

वेळेचंही तसंच. रिसॉर्टात खोली दुपारी दोनला मिळते. दिल्लीहून येणाऱ्याला ते सोयीचं असेल. आपण दहाला दारात. मग स्वागतकक्षातल्या सोफ्यावर चार तास सरबत पीत बसायचं, पोरं दर दहा मिनिटांनी ‘आता जायचं का’ विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी अकराला खोली सोडा. दोन दिवसांची सहल अशी दोन्ही टोकांनी कुरतडली जाते. घरगुती ठिकाणी खोली रिकामी असली तर लगेच देतात; नसली तर सामान पडवीत ठेवा, बाहेरच्या न्हाणीत कपडे बदला आणि जा समुद्रावर. निघायच्या दिवशीही जेवूनच निघा म्हणतात. सगळीकडे असं असेल अशी खात्री देत नाही, माझ्या वाट्याला तरी असंच आलं.

पण एवढ्यावरून मी बाजू बदलली नसती. माझं मत फिरवलं ते ओल्या कपड्यांनी.

हसू येईल, तरी ऐका. चौघांचं कुटुंब सकाळ-संध्याकाळ समुद्रात गेलं तर दिवसाला आठ जोड ओले होतात, टॉवेल वेगळे. रिसॉर्टच्या बाल्कनीत सुबकशी पाटी असते: कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत. त्यांच्या बाजूने बरोबर आहे. समोरून फोटो काढताना प्रत्येक मजल्यावर चड्ड्या लोंबत असतील तर कसं दिसेल? बाथरूममध्ये एक तार असते, हाताने ओढून पलीकडच्या खुंटीला अडकवायची. त्यावर दोन लहान मुलांचे कपडे मावतात. बाकीचे नळावर, दाराच्या मुठीवर, खुर्चीच्या पाठीवर. रात्रभर एसी चालला तरी बाथरूममधले सकाळी तसेच गार, दमट. आम्ही एकदा हळूच खुर्ची बाल्कनीत नेऊन तिच्यावर पसरले होते. परत येऊन पाहतो तर सफाईवाल्या मुलाने ते नीट घडी घालून, ओलेच, प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलेले. इतक्या सभ्यपणे, की रागावताही येईना.

न वाळण्यामागे कारणही आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत नुसतं खायचं मीठ नसतं. मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. गोड्या पाण्यात नीट खळबळून पिळल्याशिवाय कापड कोरडं लागतच नाही, वाळल्यासारखं वाटलं तरी संध्याकाळी पुन्हा चिकट. बरं, ते खळबळायचं कुठे? संगमरवरी बेसिनमध्ये? वाळू जाळीत अडकते, पाणी तुंबतं, मग फोन करा. धुलाईला द्यावेत तर यादीतला दर वाचून माझ्या बायकोने कागद परत पाकिटात घातला.

याचा परिणाम कपड्यांवर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून घरात कुजबुज सुरू होते: ‘आता समुद्रात नको, उद्या निघायचंय, ओलं कुठे न्यायचं?’ मग पोरं रिसॉर्टच्या तलावात, कारण तिथे निदान वाळू नाही. म्हणजे चोर्ल्याची सगळी वळणं उतरून, खड्डे चुकवत आपण जे पाणी बघायला आलो ते टेकडीपलीकडे, आणि आपण क्लोरीनच्या पाण्यात. असा तलाव बेळगावातही सापडतो. आणि निघताना जी पिशवी डिकीत जाते, तिचा वास कणकुंबी येईपर्यंत मागच्या सीटवर पोचलेला असतो.

तारकर्लीच्या बाजूच्या घरात माडापासून माडापर्यंत दोरी बांधलेली होती. एवढंच. परसात विहिरीच्या पाण्याचा नळ, खाली दगडी फरशी, वाळू तिथेच झटकायची, कपडे तिथेच पिळायचे आणि दोरीवर टाकायचे. उन्हाला आणि खाऱ्या वाऱ्याला ते जेवण होईपर्यंत वाळलेले. दोनच जोड आलटून पालटून, आणि पोरं मनात येईल तेव्हा पाण्यात. काकू मधेच बाहेर येऊन म्हणाल्या, ‘पाऊस येतलो वाटता, काढून ठेवतंय तुमचे.’ आम्ही तेव्हा समुद्रातच होतो. मोजून सांगता येणार नाही, पण त्या मुक्कामात आम्ही पाण्यात जितका वेळ काढला तितका रिसॉर्टात कधीच काढला नाही.

आता घरगुती ठिकाणाचे तोटे, कारण तेही आहेत. जेवण सकाळीच सांगावं लागतं. आयत्या वेळी भूक बदलली तर उपयोग नाही. रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद. गाद्या कुठे छान, कुठे कापूस एका कोपऱ्यात गेलेला. शेजारच्या खोलीत मित्रमंडळींची टोळी उतरली असेल तर झोपेचं खोबरं. मालकीणबाई प्रेमळ असतात, पण किती मुलं, घर स्वतःचं की भाड्याचं, सीमाप्रश्नाचं काय झालं, हे सगळं पहिल्या चहाबरोबर विचारून होतं. नवं लग्न झालेल्यांना हे नको वाटेल, आणि त्यांचं बरोबर आहे. शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, सोलकढी मिळते. चविष्ट असते, पण तिसऱ्या दिवशी तेच. आणि मालवणात मासळीचं ताट खाताना सुरमईचा तुकडा केवढा येईल ते त्या दिवशीच्या बाजारावर.

पावसाळ्यात मात्र मी उलट सांगेन. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, समुद्रात उतरणं दोन्हीकडे धोक्याचं. तेव्हा दोरी काय कामाची? पाऊस बघत बसायला रिसॉर्टचा मोठा व्हरांडा बरा, आणि त्या दिवसांत दरही उतरलेले असतात. दर बघताना एक ध्यानात ठेवा: खोली रात्रीला साडेसात हजारांच्या वर गेली की जीएसटी १८ टक्के लागतो, म्हणून ७,४०० आणि ७,६०० मधला फरक दोनशेचा नसतो. माझ्या अनुभवात रिसॉर्टच्या एका रात्रीत घरगुती ठिकाणच्या दोन-तीन रात्री निघाल्या, तेही चौघांचं जेवण धरून.

रस्त्याचाही विचार करा. खानापूर, नंदगडकडच्या लोकांना अनमोडने मडगाव सरळ पडतं, त्यांनी उगीच मालवणासाठी वळसा घालायला नको. बाणावली-केळशीकडेही घरगुती खोल्या मिळतात. निपाणी, संकेश्वरवाल्यांना आजऱ्यावरून आंबोली सोयीची, त्यांच्यासाठी सिंधुदुर्गच. बेळगाव शहरातल्यांना दोन्ही सारखं, फक्त पावसाळ्याच्या शेवटी चोर्ल्याचा रस्ता कसा आहे ते आधी कोणाला तरी विचारून घ्या. गाडी चालवायची नसेल तर गोव्याचं पारडं जड आहे: गोवा एक्सप्रेस बेळगाव, लोंढा करत मडगावला सोडते. तारकर्लीला बसने जाणाऱ्याचा निम्मा दिवस बदलाबदलीत जातो.

घरगुती ठिकाण ठरवत असाल तर फोनवर विचारायचं ते हे: घर समुद्राच्या बाजूला आहे की रस्त्याच्या पलीकडे, सकाळी दहाला आलो तर चालेल का, इन्व्हर्टर आहे का, आणि त्याच तारखांना मोठा ग्रुप उतरणार आहे का. शेवटच्या प्रश्नाला सहसा खरं उत्तर मिळतं.

तारखांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. दसऱ्याच्या सुट्टीत ऑक्टोबरचा उकाडा असतो खरा, पण देवबागची घरं रिकामी असतात, होड्या सुरू झालेल्या असतात आणि मासळीही भरपूर. दिवाळीच्या पाडव्यानंतर त्याच घरी फोन केलात तर पुण्याच्या गाड्यांनी अंगण भरलेलं असेल.