बेळगावहून ऑस्ट्रेलियाला पार्सल: चप्पल जाते, कुंदा अडतो

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ ला सह्या झाल्या, २९ डिसेंबर २०२२ ला तो लागू झाला, आणि १ जानेवारी २०२६ पासून भारतात बनलेल्या सगळ्याच मालावरचं तिथलं आयात शुल्क शून्यावर आलं. खडेबाजारापासून निपाणीपर्यंत कुरिअरवाल्यांच्या तोंडी आता एकच वाक्य असतं, ‘ऑस्ट्रेलिया ओपन झालंय की, काय पण पाठवा.’ हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात लोकांचे फराळाचे डबे जातात.

ऑस्ट्रेलियात पार्सल उतरलं की त्याची दोन वेगळी खाती तपासणी करतात. एक कस्टम, म्हणजे पैशाचा हिशोब. दुसरं शेतीखात्याचं जैवसुरक्षा विभाग, म्हणजे कीड, बी, माती, दूध, मांस. करारानं सैल झालं ते पहिलं. दुसऱ्याचे नियम कराराआधी जितके कडक होते तितकेच आजही आहेत. पोस्ट चांगलं की खासगी कुरिअर, हा प्रश्न त्यामुळे दुसरा येतो. आधी खोक्यात काय आहे ते बघा.

पैशाची बाजू सोपी आहे. दारू-तंबाखू सोडून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर तिकडे सीमेवर शुल्क लागत नाही, आणि करारापूर्वीही लागत नव्हतं. म्हणजे भाचीला चार साड्या आणि दोन जोड चप्पल पाठवणाऱ्याला या करारानं एक रुपयाही वाचवून दिलेला नाही. फायदा आहे तो विकणाऱ्याला. समजा अथणीहून ४० डॉलरच्या ३० जोड चपला एकाच खोक्यात गेल्या, किंमत १,२०० डॉलर. पूर्वी त्यावर ५ टक्के, म्हणजे ६० डॉलर शुल्क बसायचं, ते आता नाही. मात्र तिकडचा १० टक्के जीएसटी सुटत नाही. तो मालाची किंमत आणि भाडं धरून लागतो, आणि आयातीचं डिक्लरेशन भरण्याची फी वेगळी. शून्य शुल्क हवं असेल तर उगम प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला लागतो, तोही पार्सल निघण्याआधी डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन व्यवस्थेतून काढलेला बरा. एजंटनं ‘ड्युटी फ्री’ म्हटलं तर ‘जीएसटी पण फ्री का?’ एवढं विचारा.

खरी गंमत खाण्याच्या खोक्यात आहे. ऑस्ट्रेलियाला खापरा भुंगेऱ्याची धास्ती आहे. साठवलेलं धान्य पोखरणारी ही कीड, तिची अळी फटीत उपाशी राहूनही वर्षानुवर्षं जगते. म्हणून २०२० पासून काही वस्तू टपालानं आणि प्रवाशाच्या बॅगेतून घ्यायचंच त्यांनी बंद केलं. यादी वाचली की आपला कोठीघरच समोर येतो: तांदूळ, गहू, हरभरे, तूर, मूग, मसूर, वाटाणा, सोयाबीन, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुकी मिरची. भोपळ्याच्या बियासुद्धा.

आता थालीपिठाच्या भाजणीचा डबा डोळ्यांसमोर आणा. तांदूळ, हरभराडाळ, गहू, धणे, जिरे. यादीबाहेरची एखादी ज्वारी सोडली तर सगळे आरोपी एकाच पिशवीत. मेतकुटाची तीच गत. कारखान्यात भाजलेल्या, तळलेल्या, उकडलेल्या मालाला या बंदीतून सूट आहे, पण घरच्या कढईत भाजलेल्याला ती मिळत नाही, कारण तपासणाऱ्याला दिसते ती बिनलेबलची पुडी. शेंगाचटणी पाठवायचीच असेल तर घटक इंग्रजीत छापलेला, कंपनीनं सील केलेला पुडा घ्या. संकेश्वरी मिरची अख्खी पाठवू नका. दळलेल्या मसाल्याचं नाव त्यांच्या शेतीखात्याच्या ‘बायकॉन’ या मोफत संकेतस्थळावर टाकून अटी वाचा आणि मगच पुडी बांधा.

कुंद्याचं दुखणं वेगळं. तो खव्याचा, आणि गुरांचा लाळ्या-खुरकत रोग असलेल्या देशांतलं दुग्धजन्य ऑस्ट्रेलिया टपालानं घेत नाही. त्यांच्या लेखी भारत त्यात येतो. कुंदा कितीही कोरडा, खरपूस आटवलेला असो, डबा कितीही घट्ट असो, खवा तो खवाच. पेढे, बर्फी, गुलाबजाम यांनाही तोच न्याय. एजंट ‘स्वीट्स’ एवढंच लिहून देतो आणि स्वतः मोकळा होतो. त्या एका शब्दानंच खोका उघडला जातो. गोकाकचा करदंट डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा, त्यामुळे त्याची बाजू कुंद्यापेक्षा बरी, पण तोही दुकानाचा सीलबंद आणि घटक छापलेला हवा. तूप किती आहे ते वाचा.

अजून दोन गोष्टी, ज्या कुणाच्या ध्यानात येत नाहीत. एक, लग्नपत्रिका. पत्रिकेसोबत अक्षतांची पुडी घालायची आपली रीत, पण अक्षता म्हणजे तांदूळ. सिडनीच्या पत्रिकेत नुसती हळदीकुंकवाची बोटं लावा. दुसरी, निपाणी भागातून जाणारी मिश्री आणि तपकीर. दोन्ही तंबाखूच, आणि तंबाखू टपालानं आणण्यावर तिकडे कडक निर्बंध आहेत. आजीच्या मिश्रीची डबी ‘दंतमंजन’ लिहून घातली तर अडचणीत येणार तो पत्त्यावरचा नातू.

अडलेल्या मालाचं काय होतं? कधी फक्त दोषी डबा काढून नष्ट करतात आणि बाकीचं पुढे जातं, कधी सांडलेल्या धान्यामुळे सगळाच खोका जातो. म्हणून साडी आणि खाणं एका खोक्यात भरायचंच नाही. भाडं थोडं जास्त पडतं, पण तीन हजारांची शहापुरी साडी मेतकुटापायी जाण्यापेक्षा परवडतं.

चपलांचं पार्सल मात्र या मार्गाला साजेसं आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे; कर्नाटकातले चार म्हणजे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तेव्हा अथणी-निपाणीच्या मालावर ‘कोल्हापुरी’ लिहायला संकोच नको. कस्टमच्या सारणीत तिला स्वतःचं घर आहे, ६४०३.२०: चामड्याचा तळ, पायावरून आणि अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे. एवढं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या देशी वस्तूच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. फॉर्मवर नुसतं ‘फुटवेअर’ न लिहिता हा आकडा टाका. कमावलेलं चामडं चालतं, केस असलेलं कातडं नाही. तळाला माती नको. गल्लीत दोन पावलं चालून बघितलेला जोड ओल्या ब्रशनं घासून वाळवा, शिवणीत अडकलेली मातीही त्यांना दिसते. नवी चप्पल तेल पिऊन ओलसर असते, पावसाळ्यात तर हमखास. दोन दिवस सावलीत वारा द्या, कागदात गुंडाळा, प्लॅस्टिक नको. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि तिकडे पांढरी बुरशी उघडते. मापाची चिंता नाही, तिथलं पुरुषांचं माप ब्रिटिश मापासारखंच असतं.

खोका नवा घ्या. किराणा दुकानातून आंब्याची, द्राक्षांची किंवा अंड्यांची पेटी आणायची सवय इथे महागात पडते. फळांचे खोके, अंड्यांचे ट्रे, पेंढा, साल असलेलं लाकूड हे सगळं कीड वाहणारं म्हणून संशयित. भरायला चुरगळलेला स्वच्छ कागद किंवा बबल शीट. लोणच्याची बरणी असेल तर झाकणाला टेप, त्यावर दोन पिशव्या. पूर्वीसारखं मांजरपाट शिवून लाख लावायची आता गरज नाही, तरी काही जुनी मंडळी अजून सुई-दोरा घेऊन येतात.

आता सेवा. घरगुती भेटीसाठी पोस्टाची परदेशी सेवा खासगीपेक्षा बरी, हे आमचं मत. छोट्या, दोन किलोपर्यंतच्या पाकिटाला ट्रॅक्ड पॅकेट, त्याहून जड असेल तर ईएमएस स्पीड पोस्ट. हेड पोस्टात जाताना खोका उघडाच न्या, टेप सोबत ठेवा. ओळखपत्राची प्रत लागते. २०१४ साली शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे कुणाच्या आधारवर एक स्पेलिंग तर कुणाच्या दुसरं. पाठवणाऱ्याचा पत्ता ओळखपत्रावर जसा असेल तसाच उतरवा. पाट्यांच्या भाषेवरून बेळगावात कितीही वाद असोत, पार्सलवरचा पत्ता रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांतच. उपनगर, राज्याचं संक्षिप्त नाव, मग चार आकडी पोस्टकोड. सहा आकडी पिनची सवय हाताला असते, तिथे चूक होते. घेणाऱ्याचा मोबाइल ६१ हा देशाचा कोड लावून.

सीमाशुल्काचा फॉर्म हे या सगळ्याचं मर्म आहे. छोट्या पाकिटाला सीएन २२, मोठ्याला सीएन २३. प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ: वस्तू, नग, वजन, किंमत, एचएस कोड (चपलेला ६४०३.२० तसा कस्टमच्या सारणीतला आकडा). ‘सुती साडी, २ नग, १.१ किलो’ असं. ‘घरगुती सामान’ असं लिहिलेली ओळ म्हणजे तपासणीचं आमंत्रण. भेट की विक्री, यापैकी खरं असेल त्यावर खूण. खाली न पोचल्यास काय करायचं, असं विचारतात: परत पाठवा किंवा टाकून द्या. बहुतेक लोक ही चौकट कोरी सोडतात. माल स्वस्त असेल तर ‘टाकून द्या’वर खूण करा, नाहीतर परतीचं भाडं भरण्याची वेळ येऊ शकते.

पोस्टाचा उणा भाग म्हणजे मधली शांतता. पार्सल देशाबाहेर गेल्याची नोंद दिसते आणि मग काही दिवस काहीच हलत नाही. घाबरायचं कारण नाही, तिकडच्या टपाल केंद्रात स्कॅन होईपर्यंत नवी नोंद पडत नाही. पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक, शेवटी ‘आयएन’, तोच ऑस्ट्रेलिया पोस्टच्या संकेतस्थळावर टाका. तिथली माहिती इकडच्यापेक्षा आधी हलते.

खासगी कुरिअरमध्ये वेग आहे, पण भाव सांगताना किलोचा दर सांगतात आणि बिल आकारमानाचं येतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, आत चपला चार किलोच्या असल्या तरी. म्हणून चपलांचे डबे काढून जोड एकमेकांत उलटसुलट बसवा, खोका २५ उंचीचा झाला की तोच हिशोब ६ किलोवर येतो. स्थानिक एजंट बऱ्याचदा पाच-सहा जणांचा माल स्वतः पुन्हा पॅक करतात आणि वरचा इन्व्हॉइस त्यांच्या मनाचा असतो. त्या इन्व्हॉइसची प्रत पैसे देण्याआधी मागा. ‘वापरलेले कपडे’ असं लिहिलेलं दिसलं आणि आत लाडू असले, तर तिथूनच खोका परत उचला. १,००० डॉलरवरच्या व्यापारी मालाला मात्र खासगी कुरिअरच सोयीचं, कारण तिकडचं डिक्लरेशन भरायला त्यांचा माणूस असतो.

विकणाऱ्यानं ‘भेट’ लिहून माल धाडू नये. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत ऑनलाइन निघतो, आणि पोस्टाच्या डाक घर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर टपाल निर्यात बिल घरी बसून भरता येतं. मग खोका नुसता काउंटरवर द्यायचा. भेट म्हणून गेलेल्या मालाची निर्यातीत नोंद होत नाही, त्यामुळे बँकेत डॉलर आले की कागद जुळत नाहीत, आणि इकडच्या जीएसटीचा परतावाही अडतो.

घेणाऱ्याला एक निरोप आधीच द्या. दारात कुणी नसेल तर टपालवाला कार्ड टाकून जातो आणि खोका जवळच्या पोस्टात ठेवतो. तो ठरावीक दिवसच तिथे थांबतो. नोकरीला जाणारं जोडपं असेल तर पत्त्यात पहिलं नाव ओळखपत्रावरचंच लिहा. ‘चिंगी’ आणि ‘बाळू’ या नावांवर तिथला माणूस पार्सल सोडत नाही.